अर्ध्या रविवारात इस्लाम

बडोदे, २२ सप्टेंबर २००८

मे महिन्यानंतर इथे एक ओळही लिहिली नाही, माफ करा. खरं कारण एवढंच की कुठे गेलेच नव्हते. काल गेले, करजणला. इथून तासाभराचा रस्ता. तरी प्रवासवर्णन लिहितेय, हसायचं तर हसा.

आमच्या मराठी वाचन मंडळाने ‘इस्लामची ओळख’ अशी सहल काढली. अर्ध्या दिवसाची. एका धर्माला अर्धा रविवार पुरे, असं मंडळाचं मत पडलं.

दुपारी अडीचला सयाजीगंजहून मिनीबस निघाली. हायवेवर ट्रकांची रांग होती, म्हणून प्रधानकाकांनी माईक घेतला. काका बँकेतले निवृत्त मॅनेजर, एके काळी करजण शाखेत होते. मुदत ठेवीचे दर सांगावेत तसे त्यांनी पाच स्तंभ सांगितले: ईश्वर एक आणि मुहम्मद त्याचे प्रेषित ही ग्वाही, दिवसातून पाचदा नमाज, रमजानचे रोजे, शिलकीतून गरिबाला जकात, ऐपत असेल तर हज.

“बिर्याणी कितव्या स्तंभात, काका?” मागून कोणीतरी विचारलं. बस हसली. मीही हसले.

करजणला आमचं यजमानपद इब्राहिमभाईंकडे होतं. खाली त्यांचं हार्डवेअरचं दुकान, वर घर. काकांचे जुने खातेदार. “आवो, आवो” म्हणत त्यांनी वर नेलं. रमजान चालू असूनही आमच्यासाठी चहा तयार होता. तो त्यांची मुलगी सायरा देत होती, स्वतः पहाटेपासून पाण्याचा घोटही न घेता. आमच्या सुलभाताईंनी तिच्यापुढे डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी!

“घे गं, उपासाचंच आहे. शेंगदाण्याचं कूट भरपूर घातलंय.”

“मासी, रोजामां पाणी पण ना पिवाय,” सायरा हसू दाबत म्हणाली.

“पाणीसुद्धा नाही? मग उपास करतात तरी कशाला?” सुलभाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. प्रश्न मनापासून होता. वेफर्स, रताळ्याचा कीस आणि दोनदा कॉफी हा आमचा उपास.

सायरा एम.एस्सी. करते, बडोद्यालाच. प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ होते, मग बस, मग घर. होस्टेल भरलेलं. इब्राहिमभाई सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “दिवाळीपर्यंत शहरात खोली मिळाली तर ठीक, नाहीतर तिला घरी बसवणार. रोज ही वणवण नको. तुमच्यापैकी कोणाकडे…?”

सगळ्यांनी एकदम चहा प्यायला सुरुवात केली. सुलभाताईंचा खालचा मजला जूनपासून रिकामा आहे. त्या म्हणाल्या, “सध्या पितृपंधरवडा ना. नवीन काही करत नाहीत.” सायराने रिकामे कप उचलले. अशा उत्तरांची तिला सवय दिसली.

मशीद घरामागेच आहे. जाणाऱ्यांसाठी सूचना: आधी विचारून जा, डोकं झाका, इथे बायकांना बाहेरच्या ओट्यावरून बघावं लागतं. आत माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, दुकानदाराशेजारी हमाल. काकांना त्याचा फोटो हवा होता. नमाज संपल्यावर त्यांनी इब्राहिमभाईंना विचारलं, “ते वाकायचं पुन्हा एकदा करतील का? हलला.” इब्राहिमभाई म्हणाले, “काका, ए तो अल्लाह माटे हतुं.” अल्लासाठी होतं ते, फोटोसाठी नाही.

सूर्यास्ताला खजूर, फळं, गरम भजी आली. रोजा सुटायच्या आधीच आमच्यातल्या दोघांनी भजी उचलली होती. काकांनी आभार मानले: एकोपा, समन्वय, दरवर्षी यायला हवं. टाळ्या झाल्या.

परतताना बसमध्ये सगळे भारावलेले. “किती प्रेमळ माणसं!” “आणि घर किती स्वच्छ!” हे दुसरं आश्चर्याने. माणशी दीडशे रुपयांत चहा, भजी आणि सहिष्णुता. खोलीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून नागरवाड्यातल्या आमच्या घराची माडी बंद आहे. जिना वेगळा, नळ वेगळा. चहा पिताना माझीही मान खाली होती, आणि मी डब्यावरून सुलभाताईंना हसत होते.

रात्री जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, “गल्लीतले काय म्हणतील? निदान पितृपंधरवडा तर संपू दे.” आमच्या घरात पितरांना कधी पान वाढलेलं मला आठवत नाही, पण भाडेकरूचा विषय निघाल्याबरोबर ते हजर झाले! तसं मी बोलून दाखवलं. हे बराच वेळ भात कालवत राहिले, मग म्हणाले, “माडीचा पंखा चालतो का बघायला हवा.”

हा होकार की टाळाटाळ, कळलं नाही. आज दिवसभर मी विचारलंही नाही, कारण टाळाटाळ निघाली असती तर मला सुटल्यासारखंच वाटलं असतं. करजणहून मी काय आणलं, तर एवढं, स्वतःबद्दलचं. इस्लामबद्दल जे कळलं ते शाळेच्या पुस्तकातही होतं.

उद्या: इब्राहिमभाईंना फोन करून सायराला माडी बघायला बोलावणे.