शेजाऱ्याच्या फाटकापुढचं बाकडं

"अरे थांबा गा! चुकीच्या घरापुढे उतरवून राहिले तुम्ही!"

मी गॅलरीतून ओरडलो. कावळे उडाले, समोरच्या घरातलं बाळ उठलं, माझा आवाज थेट मिहानच्या विमानांपर्यंत गेला असणार. टेम्पोतली दोन माणसं मात्र ढिम्म. नगरसेवकाचं नाव रंगवलेलं ते सिमेंटचं बाकडं त्यांनी माझ्या शेजाऱ्याच्या फाटकापुढे टेकवलं, पाय पक्के बसवले आणि निघून गेली.

माझ्या पोटात खापरखेड्याच्या वीजकेंद्राची भट्टी पेटली.

कारण ते बाकडं माझं होतं. निवडणुकीआधी, नुसता उमेदवार असताना, हाच नगरसेवक माझ्या ओट्यावर बसून म्हणाला होता, की काका, निवडून आलो की पहिलं बाकडं तुमच्या दारात. आता बाकडं म्हणजे काही बूड टेकायची सोय नव्हे. आमच्या गल्लीत ज्याच्या दारात बाकडं, त्याच्या दारात संध्याकाळची बैठक, आणि त्याचं बोलणं म्हणजे गल्लीचं बोलणं. माझी तर मनातल्या मनात त्यावर बसून चार सरकारं पाडूनही झाली होती.

आणि मी कमी काय केलं होतं? माझ्या बापानं मतपत्रिकेवर शिक्का मारायचे दिवस होते तेव्हापासून एकच चिन्ह धरलं. मीही तेच बटण दाबतो, झोपेतसुद्धा दाबीन. माझ्या भिंतीवर ते चिन्ह इतक्यांदा रंगवलंय, की रंग खरवडला तर आत भिंत सापडायची नाही. पदयात्रा आली तेव्हा बायकोनं या नगरसेवकाला ओवाळलं. मी घातलेला हार एवढा जाड होता की उमेदवार दिसेनासा झाला आणि लोकांनी हारालाच नमस्कार केले.

शेजाऱ्याच्या भिंतीवर साधी रेघ नाही. कोणीही मत मागायला आलं की तो म्हणायचा, "पाहू." बस, एवढंच. त्या एका शब्दावर त्यानं सगळे पक्ष झुलवले. एक उमेदवार जिना उतरायचा तोवर दुसरा चढायचा. त्याच्याकडच्या चहापायी अख्ख्या महाल वस्तीतलं दूध संपलं, असं मी सांगत फिरायचो. एकानं त्याच्या नातीला कडेवर घेऊन फोटो काढला, दुसऱ्यानं त्याच्या दारातली नाली उपसून दिली. उपसलेला गाळ माझ्या दारात ठेवला.

बायको म्हणाली, एवढं जळता कशाला, त्यांच्याच बाकड्यावर जाऊन बसा. शेजाऱ्यानंही प्रेमानं बोलावलं, सरकून जागा दिली. बसलो. बाकडं थंडगार, पाठीला अगदी बेतशीर, वर कडुलिंबाची सावली. वाईट असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

शेवटी नगरसेवकाच्या कार्यालयात गेलो. दगडाला पाझर फुटेल असं भाषण जुळवून नेलं होतं. बापाचा शिक्का, भिंत, हार, सगळं ऐकवलं. मग विचारलं, "एवढं करून माझं बाकडं त्याच्या दारात काहून गेलं, भाऊ?"

त्यानं मोबाइलवरून मान वर केली.

"काका, तुमचं मत त आपल्यालेच भेटते," तो म्हणाला. "मग तुमच्या दारात बाकडं कायले लावाचं?"