मामाजींना सांगायचं नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात कोणाचाच आवाज जागेवर राहत नाही. गोटमार असते; नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात आणि जे मारत नाहीत ते उभं राहून दिवसभर ओरडतात. माझे मामाजी ओरडणाऱ्यांतले. दरवर्षी त्यांचा घसा बसायचा, आठवडाभर हळद-दूध चालायचं, घसा मोकळा व्हायचा. त्या वर्षी झाला नाही. "गोटमारीचा घसा हाय, जाईल," मामी म्हणाली. शेजारी तेच म्हणाले. औषधाच्या दुकानवालाही तेच म्हणाला आणि चघळायच्या गोळ्या दिल्या. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. मग एका कानात दुखायला लागलं, तर कानात तेल. भात अडकायला लागला, तर भात पातळ. मानेला सुपारीएवढी गाठ दिसली तेव्हा कुठे नागपूर आठवलं.

मी तंबाखूविरोधी मोहिमेत काम करते. सौंसरच्या बसस्टँडवर, रामाकोन्याच्या बाजारात पत्रकं वाटते, त्यातली बरीच माझीच लिहिलेली. आवाज काही आठवडे बसलेला राहिला तर तपासून घ्या, हे त्यांत ठळक अक्षरांत आहे. मामाजींनी ते वाचलं होतं, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता मला वाचूनही दाखवलं होतं. पण गोटमारीचा आवाज आजारात धरायचा नसतो, हा आमच्याकडचा हिशेब. त्यापुढे छापील कागद काय करणार.

नागपूरला तुकडा काढून तपासला, स्कॅन झाला. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मामाजींना बाकावरच बसवून ठेवलं आणि मामेभावाला आणि मला आत बोलावलं. मामाजी काचेतून आमच्याकडे पाहत होते. ज्याचा गळा, तो बाहेर. ज्यांना काही झालेलं नाही, ते आत.

डॉक्टर वाईट नव्हते. सावकाश बोलले. कॅन्सर स्वरयंत्रात आहे, तिथून मानेच्या गाठीत गेला आहे, म्हणून त्याला चौथी स्टेज म्हणायचं. फुप्फुसात दिसत नाही. म्हणजे अजून बरं करण्याच्या हिशेबानं उपचार करता येतात. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा, मग किरणांचे शेक. भावानं विचारलं, "वाचतील ना?" डॉक्टर म्हणाले, काही लोक पूर्ण बरे होतात, पण या टप्प्यावर न होणारे जास्त असतात. परत येणार असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. त्याच्या आत कोणी खात्री दिली तर विश्वास ठेवू नका.

भावानं यातलं फक्त 'चौथी' ऐकलं. आमच्याकडे चौथी म्हणजे शेवटलं स्टेशन. ते तसं नसतं, गळ्याच्या कॅन्सरात चौथीतही फरक असतात, हे मी त्याला परतीच्या रस्त्यावर समजावत राहिले. मामाजी मागच्या सीटवर झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते.

घरी बैठक झाली. ठरलं की मामाजींना सांगायचं नाही. गाठ आहे, काढायची आहे, एवढंच सांगायचं.

"आणि आवाज?" मी विचारलं. "शुद्धीवर आल्यावर कळू द्यायचं त्यांना?"

"जगले तं कळंलच," भाऊ म्हणाला. "तू आपली पत्रकं वाट. घरात भाषण नको देऊ."

मामी म्हणाली, "बाई, भीतीनंच मरतील ते. तुले काय, तू सौंसरले चालली जाशील."

मी चिडले, बोलले, हरले. डॉक्टर सह्या घेताना त्यांना सांगतीलच, असं मनात धरलं होतं. पण भाऊ डॉक्टरांनाही भेटून, सांगू नका म्हणून आला. आमच्या पत्रकांत 'वेळीच ओळखा' आहे, 'वेळीच सोडा' आहे. वेळ निघून गेलेल्या माणसाशी कसं बोलायचं यावर एक ओळ नाही. त्याला आम्ही चित्र करून इतरांना घाबरवायला वापरतो, बस. त्या महिन्यात मला स्वतःच्या कामाचाच कंटाळा आला.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तर मामाजी संत्र्याच्या बागेत होते. झाडांचं पाणी तोडलं होतं, जमीन भेगाळली होती. ताण बसला की पाणी सोडायचं, मग फुलं येतात, ती संत्री दिवाळीच्या सुमारास उतरतात. मामाजी बांधावर बसले. आवाज म्हणजे नुसती हवा राहिली होती, जवळ सरकून ऐकावं लागत होतं.

"खालच्या तुकड्यातली झाडं म्हातारी झाली," ते म्हणाले. "उपटून नवी लावावी म्हणतो. नवं झाड पाचव्या वर्षी फळ देते. लावू का?"

ते झाडांबद्दल विचारत नव्हते. मला संत्र्यातलं काय कळतं, हे त्यांना माहीत होतं.

"पाचव्या वर्षाचं मी नाही सांगू शकत, मामाजी."

"मंग येत्या दिवाळीचं सांग."

"ऑपरेशन केलं तर दिवाळी दिसेल असं डॉक्टरांना वाटते. न केलं तर श्वास अडेल. मग अवघड आहे."

"अन् केलं तं?"

मी सगळं सांगितलं. आवाजाचं, छिद्राचं, दोन वर्षांचं. नळी बसवून काही जणांना बोलायला शिकवतात, पण पहिल्यासारखं नाही, तेही. ते ढेकूळ फोडत बसले.

"समद्यायले माहीत होतं?"

"हो."

"तुह्या मामीनं जामसांवलीच्या देवळात नेलं. मी म्हटलं, देवा, गाठ जाऊ दे. मले सांगतलं असतं तं बराबर मागतलं असतं ना. देवालेही अर्धीच खबर देल्ली." हसायला गेले आणि खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "नाई उपटत मंग. म्हाताऱ्या झाडावरच बहार धरतो. अन् डाक्टरले मीच विचारतो."

विचारलं. सही करण्याआधी त्यांनी डॉक्टरांना तेच सगळं पुन्हा सांगायला लावलं. मामी माझ्याशी बोलायची थांबली. भावानं फोन उचलणं सोडलं. त्यांचंही मला कळत होतं, पण सारखं सगळ्यांचं कळून घ्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

ऑपरेशन झालं, शेक झाले. मामाजी आता मानेतून श्वास घेतात, छिद्रावर ओला रुमाल ठेवतात. नळीनं बोलणं अजून जमत नाही. वजन निम्मं झालं आहे.

मागच्या तपासणीला आम्ही सगळे गेलो होतो. डॉक्टर नवे होते. त्यांनी गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं आणि भावाकडे वळून बोलायला लागले. मामाजी उठले, आपली खुर्ची ओढत त्या दोघांच्या मधे आणली आणि बसले. डॉक्टर थांबले. मग त्यांनी मामाजींकडे पाहून सांगितलं. गळ्यात सध्या काही दिसत नाही, मानेत एका बाजूची गाठ जरा मोठी वाटते आहे, ती कॅन्सरची असू शकते किंवा नसूही शकते, पुन्हा स्कॅन करू. मामाजींनी मान हलवली.

बाहेर आल्यावर मामीनं बऱ्याच दिवसांनी मला विचारलं, "म्हणजे काय म्हणले, बाई?"

मी तोंड उघडलं, तर मामाजींनी हातानं मला थांबवलं. तिला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि आपल्या मानेच्या त्या बाजूला तिचा हात धरून ठेवला, गाठ होती तिथं.