नऊ खुर्च्यांची रांग

दवाखान्यात रुग्णांना एकेक करून आत सोडायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे नंबरताई म्हणत. गंमत अशी की तिच्याकडे नंबर नव्हतेच. डॉक्टरांच्या दारापासून भिंतीला लागून नऊ खुर्च्या होत्या. येईल त्याने शेवटी बसलेल्याच्या शेजारी बसायचं, दाराजवळचा आत गेला की बाकीच्यांनी एकेक खुर्ची पुढे सरकायचं. चिठ्ठी नाही, वही नाही, भांडण नाही. ही युक्ती तिची स्वतःची, आणि एकोणीस वर्षं ती बिनबोभाट चालली होती. एकदा बँकेचे मॅनेजर "जरा घाईत आहे" म्हणत दाराशी घुटमळले, तर तिने त्यांना नवव्या खुर्चीचा रस्ता दाखवला होता. नंबरताईकडे वशिला चालत नाही असं लोक बोलत, आणि ते कानावर पडलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढे. मिरवावं असं तिच्याकडे फारसं काही नव्हतं. हे एक होतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने कॉलेजात नाव घातलं. लेक नोकरीला लागली होती, घर जरा निवांत झालं होतं, आणि डॉक्टरच मागे लागले होते की अर्धवट सोडलेलं शिक्षण पुरं करा. संध्याकाळच्या वर्गांत तिच्या वेळेत बसणारा एकच विषय होता, समाजशास्त्र. म्हणून तो घेतला. उगाच मोठं कारण सांगण्यात अर्थ नाही.

"ते काय असतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"लोक एकमेकांशी कसे वागतात, का तसे वागतात, त्याचा अभ्यास."

"त्याला कॉलेज कशाला? जिन्यात तासभर उभी राहा. मी तर घरबसल्या पास झाले असते."

शिकवणाऱ्या बाई तिच्या लेकीहून चार वर्षांनी मोठ्या असतील नसतील. चष्मा सारखा नाकावर घसरायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की या विषयात नवीन काही शोधायचं नसतं, रोजचंच बघायचं, फक्त आज पहिल्यांदा आल्यासारखं. नंबरताईने ते फार मनावर घेतलं. घरातला टीव्हीचा रिमोट नवरा झोपला तरी त्याच्याच हातात असतो, पंख्याखालच्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नाही, आणि पाहुणे आले की ती आणि सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पितात, हे सगळं तिला दिसू लागलं. दिसलं ते ती बोलूनही दाखवू लागली. नवऱ्याने घाबरून दोन दिवस रिमोट तिच्या उशाशी ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यासमोर आता शिंकायचीसुद्धा चोरी." पण त्यानंतर पाहुणे आले तेव्हा त्या स्वतःचा कप घेऊन बाहेर येऊन बसल्या, तेही पंख्याखाली.

मग बाईंनी प्रकल्प दिला. ओळखीची एक जागा निवडायची, सहा दिवस तिथे जे घडेल तेवढंच टिपायचं. आपलं मत त्यात घालायचं नाही. नंबरताईला वाटलं, हा तर हातचा मळ. दवाखान्यात कोण किती वाजता आलं आणि किती वाजता आत गेलं, एवढंच तिने लिहायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मनात होतं की वर्गाला एकदा दाखवावं, सगळ्यांना सारखं वागवणारी जागा कशी असते.

रविवारी दुपारी ती बेरजा करायला बसली आणि बसूनच राहिली. बहुतेकांना चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागली होती. पण आठ नावं अशी होती की त्यांना दोन दोन तास लागले होते. काहीतरी चुकलं म्हणून तिने पुन्हा बेरीज केली. तीच आली. मग ती आठ नावं एकाखाली एक लिहिली तेव्हा कळलं. गवंडी, गॅरेजवाला, त्याचा जोडीदार, रंगारी. हे सगळे दवाखान्यात उभे राहणारे लोक होते. जो खुर्चीत नाही, तो रांगेतच नाही. खुर्च्या रिकाम्या झाल्या की तिची नजर बाहेरच्या दाराशी उभ्या असलेल्यांकडे जायची आणि मग ती म्हणायची, "अरेच्चा, तुम्ही राहिलातच की." हे ती दर सकाळी म्हणत आली होती. त्यांना उभं राहायला आवडतं, अशी तिची समजूत होती.

सोमवारी रंगारी पुन्हा दाखवायला आला. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस, भुवयांवर कायम चुन्याची भुकटी. तिने त्याला सरळच विचारलं, "तुम्ही कधी बसत का नाही?"

तो जरा हसला. "कपडे बघताय ना ताई. खुर्ची खराब व्हायची."

"असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुम्हीच की. नवी कव्हरं घातली होती तेव्हा. जरा जपून हं, म्हणालात. झाली की अकरा वर्षं. चांगल्या शब्दांत म्हणालात, राग नव्हता त्यात. मी उभा राहिलो, मग मला बघून गवंडीपण उभे राहायला लागले."

तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवेना याचीच जास्त लाज वाटली.

"आणि मग दोन दोन तास?"

"म्हणून तर लवकर येत नाही. आलो की अर्धा दिवस मोडतो. अंगावर काढता येईल तेवढं काढतो."

गेल्या वर्षी रंगाऱ्याचा खोकला छातीत उतरला होता आणि तो आठ दिवस मोठ्या हॉस्पिटलात पडून होता. परत आला तेव्हा सगळ्यांच्या देखत तिनेच त्याला झापलं होतं, "वेळेवर यायला काय होतं तुम्हाला?" तेव्हाही तो उभाच होता.

प्रकल्पात हे लिहायचं की नाही, यावर ती तीन दिवस घुटमळली. न लिहिता भागलं असतं, आकडे थोडे इकडेतिकडे केले असते तर कोण विचारायला येणार होतं? पण लिहिलं तर एकोणीस वर्षांची ऐट आपल्याच हाताने पुसायची होती. शिवाय कागदावर डॉक्टरांची सही लागणार होती, आणि त्यांच्या दवाखान्यातली खोट त्यांच्याचसमोर मांडायची होती. शेवटी तिने सगळं लिहिलं. कव्हरांचं लिहिलं, झापलेलंही लिहिलं.

डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर खाली बसले. तापट माणूस, आता तोफ सुटणार म्हणून ती पदर घट्ट धरून उभी. पण ते शांतपणे म्हणाले, "रंगाऱ्याची फाईल आणा."

तिने आणली. त्यांनी पहिलं पान तिच्यापुढे धरलं. वरच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'उशिरा येतो. निष्काळजी.'

"हे मी लिहिलंय," ते म्हणाले. "आणि दर वेळी फाईल उघडली की तेच वाचून मग त्याला तपासलंय." त्यांनी 'निष्काळजी' हा शब्द खोडला, प्रकल्पावर सही केली आणि म्हणाले, "तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

तिने सांगितला. बाईंनी चष्मा वर सारला. नंबरताई एवढंच म्हणाली, "बाई, तुमचे फार उपकार झाले माझ्यावर." ती आजवर हे देवाला नि डॉक्टरांनाच म्हणाली होती. आपली चूक दाखवणाऱ्याबद्दल इतकी माया वाटेल हे तिला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दवाखान्यात पुठ्ठ्याचे नंबर आले. आत पाऊल टाकलं की हातात नंबर, मग बसा नाहीतर उभे राहा. खुर्च्यांची कव्हरं तिने काढून टाकली. रंगारी आला तेव्हा त्याच्या हातात चार आला. तो आपल्या नेहमीच्या जागी दाराशी उभा राहिला. "चार," तिने पुकारलं. तो मागे वळून कोण आलं ते बघू लागला. तिने दुसऱ्यांदा पुकारलं, तरी तो दुसऱ्याला वाट करून देत बाजूला सरकला. शेवटी तिला उठून त्याच्याजवळ जावं लागलं. "अहो, चार तुम्हीच." तेव्हा त्याने हातातला पुठ्ठा नीट बघितला आणि आत गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी दवाखाना उघडतानाच तो पायरीवर हजर. तिचा जीव धसकला. "काय झालं? कधीपासून बरं नाही?"

"कालपासून," तो जरा ओशाळून म्हणाला. "नुसता खोकला आहे. एवढ्याशासाठी यावं का, कळेना."

"यावं," ती म्हणाली. फाईल काढून तिने तारीख घातली, पुढे 'एक दिवसाचा खोकला' असं लिहिलं, आणि अक्षर पुसट दिसायला लागलं म्हणून डोळे पुसून पुन्हा वाचलं.