सहा बटणांचा फोन

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग बरं वाटतं.

मी तेव्हा तळोज्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. क्रिकेटचे सामने सुरू होते आणि सट्टेवाल्यांवर काय कारवाई केली, अशी वरून रोज विचारणा होत होती. अशात एका खबऱ्याने बातमी आणली. जवळच्या गावात एका म्हाताऱ्याच्या घरी अनेक लाइनींचा फोन आहे आणि बटणांखाली खुणेची चित्रं आहेत. सट्टेवाले एकाच वेळी अनेकांशी बोलायला अशीच पेटी वापरतात. दोन पंच घेऊन मी भरदुपारी छापा घातला.

फोन कपाटावर होता. जुना, जड, सहा बटणांचा. बटणांखाली प्लास्टिकच्या आड हाताने काढलेली चित्रं होती: मासा, घंटा, झेंडा, विहीर, खाट आणि ज्वाळा. वायर कापलेली होती. आमची चाहूल लागताच म्हाताऱ्यानेच कापली, असं मी धरून चाललो. पोलिसाला एकदा संशय आला की सगळं त्यात बरोबर बसायला लागतं.

म्हातारा गावचाच, नेरूळच्या एका सोसायटीत वॉचमन. पूर्वी एका केमिकल कारखान्याच्या गेटवर होतो, कारखाना बंद झाला, फोन तिथला आहे, एवढं त्याने सांगितलं. चित्रं कशाची, असं विचारलं की मान खाली. ठाण्यात आणून दोन तास मी आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको हवालदाराला पुन्हा पुन्हा सांगत होती की केस झाली तर नोकरी जाईल आणि घर त्याच पगारावर चालतं.

शेवटी हवालदाराने जेवढा झाला तेवढा जबाब त्याच्यापुढे वाचायला ठेवला. त्याने ओळींवरून सावकाश नजर फिरवली, "बराबर हाय" म्हणाला आणि सहीसाठी पेन मागितलं. मी कागद पाहिला. हवालदाराने गडबडीत कळंबोलीच्या एका ट्रकवाल्याचा टायरचोरीचा जबाब त्याच्यापुढे ठेवला होता.

मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि फोन पुन्हा हातात घेतला. त्याला डायलच नव्हता. म्हणजे एक बटण दाबलं की एका ठरलेल्या जागी घंटा वाजणार. कुठल्या, ते चित्र सांगणार. चित्रं काही लपवायला नव्हतीच, वाचता न येणाऱ्या माणसाला कळावं म्हणून होती.

"काका, मासा म्हणजे कुठे?" मी विचारलं.

त्याने माशाच्या बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "खाडीवरचा पाडा. घंटा म्हंजे देवलाजवलचा दुकान. झेंडा शालेचा. ग्यास सुटला का मी बटन दाबाचो नि सांगाचो, वला फडका नाकाला लावा, वारा येतो तिकडं पला."

विहीर वरच्या आळीची, खाट दवाखान्याची, ज्वाळा आगीच्या बंबाची. चित्रं कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरने काढून दिली होती आणि याला वाचता येत नाही ही गोष्ट दोघांतच ठेवली होती. कारखाना बंद होताना त्यानेच वायर कापून फोन याच्या हातात दिला. आता ते सोसायटीला कळलं तर नोकरी जाईल, या भीतीने म्हातारा सट्टेवाला ठरायला तयार होता.

मी गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांकडे चौकशी केली. त्या फोनवरच्या निरोपाने त्यांनी दोनदा शाळा रिकामी केली होती. मला शरम वाटली.

नवा जबाब मी स्वतः लिहिला. "चित्रे ओळखीसाठी काढली होती" एवढंच घातलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने मला थांबवलं.

"मना वाचाला येत नाय, ते लिवलं नाय तुमी."

नाही लिहिलं तरी चालेल, असं मी म्हणालो.

"लिवा, सायब. नायतर त्या सायबांनी चित्रां का काडली, ते कोनाला कलेल?"

मी लिहिलं. गुन्हा दाखल झाला नाही, फोन परत गेला. आठवड्याने मी नेरूळला सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना भेटलो, काकांविरुद्ध काही नाही हे सांगायला. त्या हसल्या. म्हणाल्या, "वाचता येत नाही, हे त्यांनी काल स्वतःच सांगितलं. आम्हाला केव्हाचं माहीत होतं. पण पहिल्यांदाच कळतंय असं दाखवलं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही जबाब मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सहीला पुढे केला नाही. ऐकणाऱ्याला वाचता येतं का, हे मात्र कधी विचारलं नाही.