किल्ली माझ्याकडे होती

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मलाही नीट सांगता येणार नाही — पण आज सांगणार आहे.

मी पोरांना लिनक्सचा सर्व्हर लावायला शिकवतो. एकाच मशीनवर दोन-तीन वेब अ‍ॅप्लिकेशनं चढवायची, कुणी कुणाची वाट अडवणार नाही असा बंदोबस्त करायचा, आणि मग ते पहिलं पान पडद्यावर उमटतं — अहाहा! पन्नाशी कधीच उलटली, तरी अजून माझ्या अंगात वारं भरतं. पोरं हसतात. सगळं शिकवतो मी त्यांना. एक आज्ञा तेवढी गाळून पुढे जातो.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. परभणीतल्या एका जिनिंगच्या ऑफिसात आम्ही दोघं हंगामी होतो. मी झरीचा, घरी चांगली काळी जमीन. मिलिंद पेडगावचा, वडील मास्तर, बौद्ध घर. कॉम्प्युटरचा कोर्स दोघांनी सोबतच केलेला. आणि अशात ऑफिसात युनिक्सचं मशीन आलं! काय सांगू तुम्हाला — एक पेटी, आणि तिला वायरींनी जोडायची चार टर्मिनलं. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. वायरी आम्हीच ओढल्या, जोडण्या आम्हीच केल्या, चुकल्या, पुन्हा केल्या. चारही पडद्यांवर हिरवी अक्षरं उमटली तेव्हा मिलिंद ओरडलाच, "आरं, चारीबी उठले की रं!" आम्ही अक्षरशः नाचलो. कापसाचे हमाल दारात उभे राहून बघत होते, की ह्यांना झालंय तरी काय!

घरी नामांतराचा विषय निघाला की माझ्या काकांचा आवाज चढायचा. मी मात्र मिलिंदच्या डब्यातली भाजी खायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. केवढ्या मोठ्या मनाचा मी — नाही का?

मग साहेबांनी सांगितलं, कापसाच्या पावत्या गाववार लावणारा प्रोग्राम दोघांनी वेगवेगळा लिहा. दोन्ही एकदम चालवून बघू; ज्याचा आधी उरकेल, तो कायम आणि मशीनचा मुख्य. दुसरा हंगाम संपेपर्यंत त्याच्या हाताखाली.

मिलिंदचा प्रोग्राम सरस होता. मला कसं कळलं? त्यानंच दाखवला — मित्र होतो ना! मी शेवटपर्यंत वाचत गेलो. आणि मनात आलं — ह्याच्या हाताखाली? ह्याच्या?

तो 'ह्याच्या' कुठून आला, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. काकांचाच आवाज होता तो. मी तो झिडकारला नाही.

आता ती आज्ञा. असल्या मशीनवर सगळ्यांची कामं एकदमच चालतात. समजा, गिरणीवर दळणाचे डबे लागलेत, आणि गिरणीवाला प्रत्येकाचं थोडं थोडं दळतोय. ज्याच्याकडे रूटचा पासवर्ड, म्हणजे मशीनची किल्ली, तो एका ओळीत कुणाचाही डबा मागे सारू शकतो. डबेवाल्याला पत्ताही लागत नाही. ती किल्ली साहेबांनी माझ्याकडे दिली होती. दोघांत माझ्याकडेच का — हे मी कधी विचारलं नव्हतं.

साहेब आले. दोघांनी एकदमच प्रोग्राम सुरू केले. मी "वायर बघतो" म्हणून तिसऱ्या टर्मिनलवर गेलो आणि ती एक ओळ टाइप केली.

भीती वाटली असेल, असं वाटतं तुम्हाला? लाज? छे! कुस्तीचा फड बघताना येतो तसा अंगावर काटा आला होता — आनंदाचा! माझा प्रोग्राम गावामागून गाव उरकत निघाला. मिलिंदचा पेडगावलाच अडकून पडला. माझा संपला, साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि मशीन मोकळं होताच त्याचा भरभर धावत सुटला. तोपर्यंत साहेब दाराशी चपला घालत होते.

पण मला कबूल करायचंय ते एवढंच नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर —

त्यानंतर मिलिंद रोज आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसायचा. नसलेली चूक! एके दिवशी पेन्सिलीनं लिहिलेल्या कागदांची चळत माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "तू बी बघ रं एकदा. आपलं आपल्याला दिसत न्हाई." मी बघितलं. शेजारी बसून, कपाळाला आठ्या घालून बघितलं. आणि त्यातल्या सगळ्यात देखण्या जागेवर बोट ठेवून म्हणालो, इथं गडबड वाटते. त्यानं ती जागा खोडली. माझ्या शब्दाखातर, माझ्यादेखत. मला थांबवता आलं असतं. मी त्याला खोडरबर दिलं.

हंगाम संपला तसं त्याचं काम संपलं. जाताना त्याच्याकडे बघवेना मला. त्याला वाटलं, मला त्याच्यासाठी वाईट वाटतंय. उलट मलाच समजावायला लागला.

"जीवाला लावून घिऊ नकू," म्हणाला. "भाईर कुठं हारलो ना, की डोस्क्यात येतंच — आपली जात बघून मागं ढकललं का काय? हितं तसं न्हाई. मशीनला काय कळतंय जात? हितं हारलो ते माझ्याच चुकीनं. ह्याचंच लय बरं वाटायलंय बघ."

मी म्हणालो, "खरं हाय."