वहिनीले धाडा

धरणगाव रस्त्यावरचा आमचा मेकॅनिक बॉनेटला हात लावण्याआधी विचारतो, "कसा आवाज ई ऱ्हायना?" उत्तर मिळेपर्यंत तो शांतपणे पान्हे पुसत बसतो. मी दोन-तीनदा गाडी नेली, पण मला आवाजाचं काहीच सांगता येईना.

"रोज गाडी कोन चालावस?" त्याने विचारलं.

"बायको. जळगावला शाळेत शिकवते."

"मंग वहिनीले धाडा."

ती गेली. त्याने तिच्याकडून दोनदा चाक बदलून घेतलं, पाणी कुठे भरायचं ते दाखवलं आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडताना भाजलेला स्वतःचा हातही दाखवला.

वैशाखातल्या एका दुपारी पाळधीच्या अलीकडे गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. माझ्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्यासोबत निघाल्या होत्या. बायकोने मला नाही, त्याला फोन केला. तो तेव्हा शिरपूरला होता. धीर वगैरे न देता त्याने एवढंच विचारलं, "पहिले काय करं?"

"गाडी बंद केली. आईला लिंबाखाली बसवलंय. पाइपची क्लिप सैल दिसतेय, पण इंजिन निवेपर्यंत हात लावणार नाही."

"मंग मनं काय काम शे?" आपली गरजच नाही, अशा सुरात म्हणून त्याने फोन ठेवला.

इंजिन निवल्यावर तिने क्लिप आवळली, पाणी भरलं आणि आईला वेळेत दवाखान्यात पोचवलं.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेलो, तर त्याने माझ्यापुढे जॅक आणून ठेवला.

"वहिनी शिकनी. आते तुम्ही बाह्या वर करा."

मी बाह्या सारून चाकाशी बसलो.