पगारावर नाव कुठं घालायचं?

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं पाळणाघर आहे. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या बायका आपली तान्ही, रांगती पोरं आमच्याकडे ठेवतात. संस्थेची मी सचिव. म्हणजे अर्ज मी लिहायचे, बोलणी मी खायची आणि हार अध्यक्षांनी घालून घ्यायचे.

दोन खोल्यांत आमचे सात पंखे आहेत. प्रत्येकाच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं. पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून दाते भेटीला आले की आम्ही पंखे बंद करतो. भर मे महिन्यात! पोरं घामानं निथळतात आणि अध्यक्ष वर बोट दाखवून नावं वाचून दाखवतात.

पंखे सात, पण मुलांना सांभाळणारी ताई एकच. पोरं घरी तेलुगू बोलतात, आणि आमच्यात ती भाषा फक्त तिला येत होती. तिचा पगार तीन महिने थकला होता. तिला एका शाळेत काम मिळत होतं. "एक तारखेपर्यंत काय झालं न्हाय तर मी जाते ओ म्याडम," तिनं स्वच्छ सांगितलं होतं. तिचं काय चुकलं?

त्याच आठवड्यात अध्यक्ष एका व्यापाऱ्यांना घेऊन आले. ते आठवा पंखा देणार होते. मी सरळ विचारलं, "पंख्याऐवजी ताईंचा पगार द्याल का?" अध्यक्षांनी डोळे वटारले. लक्ष्मी आल्यावर तोंड धुवायला जाऊ नये, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

व्यापारी मात्र खरोखर विचारात पडले. "द्यायला माझी ना न्हाय. पण पगारावर नाव कुठं घालायचं?"

चहा देता देता ताई म्हणाली, "माझ्या पाठीवर घाला की."

सगळे हसले. मीही हसले, याची मला अजून लाज वाटते.

पंखा आला, ताई गेली. "बायकांना काय तोटा आहे?" अध्यक्ष म्हणाले. नवी बाई मिळेना, म्हणून मीच पोरांत जाऊन बसले. दीड वर्षाची एक पोर सकाळपासून "नीलू, नीलू" करत रडत होती. मला वाटलं, बहिणीला हाका मारतेय. खुळखुळा दिला, बिस्किट दिलं, कडेवर घेऊन फिरवलं. "येईल हं नीलू, येईल," असं शंभरदा सांगितलं. रडून रडून तिचा आवाज बसला.

दुपारी तिची आई आली. मी विचारलं, "नीलू कोण हो तुमची?"

"नीलू कोण न्हाय ओ. नीळ्ळु म्हणतीया. पाणी मागतीया."

पोरीनं दोन पेले एका दमात संपवले. मला सचिव होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.